बसण्णांनी पाडलेली आठ भोकं

कुठलंही भांडं हातात आलं की बसण्णा आधी दुकानाच्या पायरीवर येत, एक डोळा मिटत आणि भांडं सूर्याकडे धरून दुसऱ्या डोळ्यानं आत बघत. गिऱ्हाईक सांगत असे, "हितं तळाला गळतंय हो." पण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नसे. "थांबा की जरा. आधी सूर्याला इचारू," म्हणत ते भांडं सावकाश गोल फिरवत. सुईच्या टोकाएवढा उजेड कुठून तरी आत शिरला की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू हरवलेलं माणूस सापडलं. "गावलं!" ते ओरडत. एकदा मी त्यांच्यासाठी सत्यनारायणाचा शिरा डब्यात घालून नेला होता. शिरा खाऊन झाल्यावर त्यांनी सवयीनं तो डबाही सूर्याकडे धरला, आणि मग ओशाळून माझ्या हातात दिला. "चांगला हाय डबा," म्हणाले.

बाळीवेशीजवळच्या एका बोळात, तीन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक माणूस, एक ऐरण आणि छतापर्यंत रचलेली जर्मनची भांडी. ॲल्युमिनियम हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात असायचा. सोलापुरात सगळे जर्मनच म्हणत. बसण्णा मूळचे वळसंगचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रिबिट वाकडं बसलं तर दोन्ही. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, छातीवर चांदीच्या करंड्यात लिंग, आणि कानामागे पेन्सिलीचा तुकडा. त्यांच्या आसपासच्या कारागिरांनी तांब्या-पितळेचं काम धरलं होतं. त्यांनी जर्मनच का धरलं, असं मी एकदा विचारलं. "पितळेचं भांडं फळीवर बसून मिरवतंय," ते म्हणाले. "हे बिचारं रोज चुलीवर चढतंय. म्हणून आमची जास्त गरज यालाच की, अक्का."

लहानमोठी कुठलीही बाई त्यांना अक्काच. मी तर शाळेत भूगोल शिकवणारी, म्हणजे जरा जास्तच अक्का. पण आमची ओळख भांड्यामुळे झाली नाही. ती झाली एका होडीमुळे.

माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणत असे, मालवणकडचे. गिरणीच्या विणाई खात्यात मास्तर म्हणून सोलापुरात आले आणि इथलेच झाले. समुद्र सुटला, पण गळ सुटला नाही. दर रविवारी ते हिप्परग्याच्या तलावावर जात. आई लवकर गेली, तेव्हापासून ते मलाही बरोबर नेऊ लागले. त्यामुळे सायकल शिकण्याआधी मी वल्हं मारायला शिकले. होडी त्यांनी पुण्याला लष्करी सामानाच्या लिलावात घेतली होती. अस्सल जर्मनची, दहा-अकरा फुटांची, चार माणसांनी सहज उचलावी इतकी हलकी. एवढ्या कोरड्या गावात अंगणात होडी असलेलं घर आमचं एकटंच, म्हणून पोस्टमनसुद्धा आम्हाला होडीवाले म्हणायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात तलाव आटला आणि त्याच वर्षी दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द ओढून आणावा लागायचा, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. होडी अंगणात पालथी पडली. शेजारच्या बायका तिच्या तापलेल्या पाठीवर पापड वाळवायच्या. दोन तासांत पापड कडकडीत. दादा खिडकीतल्या खुर्चीवरून ते पापड बघत बसायचे. मला वाटलं, होडीचा विषय त्यांच्या मनातून गेला.

तो गेला नव्हता. दोन पावसाळे बरे झाले, तलाव भरल्याची बातमी दूधवाल्यानं आणली, आणि दादा म्हणाले, "सुमे, होडी."

"दादा, गळाची काठी कशी धरणार?" मी न राहवून बोलले.

त्यांनी पाटी मागितली. डाव्या हातानं, थरथरत्या रेघांनी, होडीचा काठ काढला. काठावर दोन तिरक्या नळ्या. नळ्यांत गळाच्या दोन काठ्या. खाली लिहिलं, "डावा हात – रीळ." मला लख्ख कळलं. काठी होडीनं धरायची आणि दोरा डाव्या हातानं गुंडाळायचा. दोन वर्षं हा माणूस पापडांकडे बघत मनातल्या मनात हे करत होता.

पाटी घेऊन मी तीन वर्कशॉप फिरले. तिघांनीही एकच सांगितलं, "जर्मनला आमचं वेल्डिंग धरत न्हाय, बाई." चौथ्यानं बसण्णांचं नाव सांगितलं.

बसण्णा दुसऱ्याच दिवशी आले. आम्ही होडी उलटी-सुलटी करून दाखवली. एवढं मोठं भांडं सूर्याकडे धरणं शक्य नव्हतं, म्हणून ते स्वतःच पालथ्या होडीखाली शिरले. आतून त्यांचा घुमलेला आवाज येत राहिला, "हितं न्हाय… हितं बी न्हाय…" पाच मिनिटांनी धोतर झटकत बाहेर आले. "एक बी भोक न्हाय. शंभर वर्षं चालतंय. मला कशाला बोलावलंत?"

"भोकं पाडायला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या वैद्याला चांगल्या माणसाला ताप आणायला सांगत होते. "अक्का, तीस वर्षं झाली, मी भोकं बुजवतोय. चांगल्या भांड्याला भोक? शिवा शिवा!" तरी मी पाटी दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली. "या काठ्या कशाच्या?"

"मासे धरायच्या."

त्यांचा हात आपोआप छातीवरच्या करंड्यावर गेला. ते ओरडले नाहीत, नाक मुरडलं नाही. खुर्चीतल्या दादांकडे वळून त्यांनी हात जोडले. "मालक, रागावू नका. आमच्याच्यानं हे हुणार न्हाय." चहा मात्र प्यायले, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. दादांनी पाटी पुसून टाकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर बसण्णा ओसरीवर दादांसमोर मांडी घालून बसलेले. मला बघताच म्हणाले, "अक्का, तुमच्या दादांचा हात डोक्यातनं जाईना. मासा मी सोडून दिला हुता, हात सुटंना." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पेलायचे. "केवढी काठी ती! हातानं धराल तर दोन पावलं जाणार न्हाय माणूस. कमरेच्या पट्ट्यात बुड बसवायचं. भार कमरेवर, हात नुसता तोलाला. दादांचं तसंच की! हात न्हाय तर न्हाय. होडीला कंबर हाय."

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"देवाच्या काठीची युक्ती गळाच्या काठीला लावायची म्हणजे…" ते घुटमळले. "म्हणून चार दिवस सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलो. तिथले मासे तुमाला ठावं हाएत, लोक त्यास्नी चुरमुरे घालत्यात. म्हणलं, ह्येंनाच इचारावं. एक बी मासा काय बोलला न्हाय." एवढं बोलून ते स्वतःच हसले, आणि लगेच गंभीर झाले. "माझ्या दोन अटी. काठीच्या टोकाला काय बांधता ते मला दावायचं न्हाय. आन् भोक पाडणार न्हाय. पकड बसवून देतो."

दादा म्हणाले, "बस." तो होकार होता.

आठवडाभरात दोन नळ्या तयार झाल्या. हातभर लांबीच्या, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेल्या, म्हणजे काठीच्या मुठीला ओरखडा नको. बुडाशी आडवी खीळ, म्हणजे काठी गरगर फिरायला नको. तोंड तिरकं कापलेलं आणि कानशीनं असं गुळगुळीत केलेलं, की त्यावरून तान्ह्या मुलाचा गाल फिरवावा. होडीच्या काठाला बसवायच्या पकडी पातेल्यांच्या जाड कडांतून घडवलेल्या. रविवारी सकाळी त्यांनी त्या आवळल्या. दादांना धरून होडीत नेलं. दोन वर्षांनी ते त्या फळीवर बसले, अंगणातच, तलावापासून दोन कोस लांब, आणि तरीही ताठ बसले.

"आता जोर बघाया पायजे," बसण्णा म्हणाले. "अक्का, तुमी मासा व्हा."

मी मासा झाले. दोऱ्याचं टोक मनगटाला बांधून, पदर खोचून, अंगणातून फाटकाकडे पळत सुटले. बसण्णा काठाशी वाकून ओरडत होते, "जोरात! असला मेल्यासारखा मासा असतो व्हय?" कुंपणावर शेजारणी गोळा झाल्या. माझ्या वर्गातल्या दोन मुली नेमक्या तेव्हाच रस्त्यानं चालल्या होत्या. सोमवारी शाळेत काय चर्चा झाली असेल ती मी कधीच विचारली नाही. पहिल्या ओढीला पकड फिरली. पुन्हा आवळली. दुसऱ्या ओढीला नळी खाली लोंबली. तिसऱ्यांदा मी सगळं बळ लावलं आणि नळी काठावरून सुटून खणकन फरशीवर आदळली.

दादा म्हणाले, "भोक."

बसण्णा होडीच्या काठावर टेकले. बराच वेळ त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. मी समजावलं, भोकं वरच्या काठाला पडणार, पाणी तिथवर येतच नाही, होडीला काही होणार नाही. "ते मला कळतंय, अक्का," ते हताश होऊन म्हणाले. "हाताला कळंना की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अंघोळ करून, नवी विभूती लावून आले. खडूनं आठ ठिपके काढले, एका नळीला चार. खिशातून चिमूटभर विभूती काढून काठालाही लावली, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि हातड्रिल टेकवलं. पहिलं भोक पडताना त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्याला एक उघडला. आठव्यापर्यंत ते शीळ घालत होते. बोल्ट लोखंडी होते. प्रत्येकाखाली त्यांनी रबराची चकती बसवली, आणि आतल्या बाजूनं पातेल्याच्या बुडाची जाड पट्टी. "चकत्या कशाला?" मी विचारलं. "लोखंड आन् जर्मन एका जागी बसवलं की ओलीला भांडत्यात. एक दुसऱ्याला खातंय. मधी रबर असलं की संसार टिकतोय. आमच्या घरात माझी सासू रबर हाय."

मग मी पुन्हा मासा झाले. या वेळी दोरा तुटला, मी फाटकावर आपटले, पण नळी जागची हलली नाही. दादा हसले. आवाज न करता, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण हसले.

पुढच्या रविवारी सकाळी टेम्पोत होडी घालून आम्ही हिप्परग्याला गेलो. बसण्णा टेम्पोतच बसून आले. बोल्ट बघायला, असं ते म्हणत होते. तलावावरच्या दोघा कोळ्यांनी होडी पाण्यात लोटली, दादांना फळीवर बसवून उपरण्यानं पाठीशी बांधलं, मी वल्ही घेतली, आणि बसण्णा काठावर उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. होडीत कधी पाय ठेवला नव्हता. मी म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा, सावलीत बसा." त्यांनी पाण्याकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं. "भोकं माझी हाएत," ते म्हणाले. "बुडली तर मी काठावर बसून बघू व्हय?" आणि धोतर वर खोचून, दोन्ही हातांनी होडीचे दोन्ही काठ धरून, ते आत येऊन बसले.

गळ लावायची वेळ आली तेव्हा अटीप्रमाणे ते पाठ फिरवून बसले. आमिषाची कणीक मी घरून मळून आणली होती, पण ती ओलसर होऊन गळावर ठरेना. "काय झालं?" त्यांनी पाठमोरेच विचारलं. मी सांगितलं. मग त्यांचा हात मागे आला. हातात त्यांच्या शिदोरीतली भाकरी होती. "हे मळून बघा. गंगव्वाची भाकर सुटत न्हाय, घशातनं बी लवकर उतरत न्हाय." गंगव्वा म्हणजे त्यांची बायको. भाकरी खरंच कामाची निघाली. गळ पाण्यात गेले, दोन्ही काठ्या नळ्यांत उभ्या राहिल्या, आणि बसण्णा वळून आपलं काम बघू लागले. आजूबाजूच्या पाण्याकडे, पाणकावळ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते आठ बोल्ट बघत होते.

दीड-दोन तास काहीच झालं नाही. मग डाव्या काठीचं टोक एकदा थरथरलं, पुन्हा थरथरलं आणि एकदम खाली वाकलं. रीळ करकरत सुटलं. होडी त्या बाजूला कलली. बसण्णा पार कानडीत गेले, "अय्यो, अय्यो, नोडरी!" दादांचा डावा हात रिळावर पडला. दोन वर्षं चमचा धरताना अडखळणारा तो हात एकाएकी सगळं ओळखून होता. दोरा ताणला की सोडायचा, सैल पडला की गुंडाळायचा. काठी धनुष्यासारखी वाकली होती, पण नळी घट्ट होती.

तेव्हा बसण्णांनी एक गोष्ट केली. ते गुडघ्यांवर सरकत दादांपर्यंत गेले, त्यांच्या मांडीवर पडलेला लुळा उजवा हात उचलला आणि काठीच्या मुठीवर ठेवून वर स्वतःचा हात दाबून धरला. "ह्याला बी कळू दे की, मालक," ते म्हणाले. "थरथर लागू दे ह्याला." दादांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांना तिथे काय जाणवलं, काही जाणवलं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि रीळ फिरवणारा हात थांबला नाही.

मासा होडीजवळ आला तो कटला जातीचा होता, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल त्याहून थोडा मोठा. आता खरी पंचाईत झाली. त्याला जाळीत घेणार कोण? दादांचा एकच हात, तो रिळावर. मी वल्ही सोडली तर होडी फिरून दोरा बुडाखाली जाणार. लांब दांड्याची जाळी बसण्णांच्या पायाशी पडली होती. आम्ही दोघांनी त्यांना काही सांगितलं नाही; सांगणार तरी कसं? मासा पृष्ठभागावर आडवा झाला, शेपटी आपटली, दोरा किर्र वाजला. बसण्णांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, करंडा सदऱ्याच्या आत सरकवला, जाळी उचलली आणि पाण्यात घातली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा त्यांनी मासा होडीत आणला, आणि त्याच्यासकट स्वतःही धपकन बुडावर बसले, नखशिखांत भिजून.

बसण्णा माशाकडे बघत होते, दादा बसण्णांकडे. मग दादांनी शब्द ओढून आणला, "सोड. सोड त्याला." ते कुणासाठी म्हणत होते, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

बसण्णा उसळलेच. "सोड? मी आठ भोकं पाडली, अक्का फाटकावर आपटल्या, गंगव्वाची भाकर गेली, आन् सोड? न्हाय मालक. तुमचा हाय तो. घरी न्या, खावा, आन् उद्या मला सांगा कसा झाला." दादा खो-खो हसले, या वेळी आवाज करून. तो आवाज दोन वर्षांनी ऐकून मी वल्हं मारायची विसरले आणि होडी हळूहळू लव्हाळ्यात जाऊन रुतली.

घरी गेल्यावर बसण्णांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. गंगव्वांनी त्यांना अंगणात बसवून तीन वेळा अंघोळ घातली आणि दोन दिवस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "बरं झालं," ते मला म्हणाले, "वसरीवर वारा लई छान येतोय." आणि मग, इकडेतिकडे बघून, हळूच विचारलं, "कसा झाला हुता?"

"छान झाला होता," मी म्हणाले. त्यांनी समाधानानं मान हलवली.

पुढची तीन वर्षं आम्ही जवळजवळ प्रत्येक रविवारी गेलो. बसण्णा महिन्यातून एकदा यायचेच, बोल्ट बघायला. जाळीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्यासाठी तलावावरचा एक कोळी आमच्याबरोबर येऊ लागला. पण आमिषाचं पीठ मळण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. "पीठ मळायला कुठल्या शास्त्रात बंदी न्हाय," असं त्यांचं मत होतं. काठीचं टोक हललं की आमच्या आधी त्यांना दिसायचं. दादा त्यांच्याशी बोलायचे, माझ्याशी बोलत त्याहून जास्त. एकेका शब्दाला लागणारा वेळ बसण्णांना कधी जास्त वाटला नाही. हाताचं काम करणाऱ्या माणसाला थांबायची सवय असते, की तो त्यांचा स्वभावच होता, कोण जाणे. होडीची कीर्ती पसरली. रेल्वे कॉलनीतले एक साहेब आणि एक दातांचे डॉक्टर आपापल्या होड्यांना तशाच नळ्या बसवून मागायला आले. बसण्णांनी नळ्या घडवून दिल्या, रबर लावून दिलं, पण ड्रिल दिलं नाही. "भोकं तुमची तुमी पाडा," म्हणाले. "मी एकाच होडीला पाडलीत. ते काम जमतंय म्हणून करायचं न्हाय."

दादा गेले ते झोपेत, एका पहाटे. आदल्या रविवारी त्यांनी दोन मरळ काढल्या होत्या. बसण्णा सगळे दिवस येत राहिले. बाराव्यानंतर मी होडी अंगणात पालथी घातली आणि रविवारी वह्या तपासू लागले. शेजारणींनी विचारलं, पापड घालू का, आणि मी हो म्हणाले.

दोनेक महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी गंगव्वा बसल्या होत्या, इरकली नेसून, मळवट भरून, लग्नाला निघाल्यासारख्या. बसण्णा खाली उतरले. "अक्का, हिला होडीत बसायचंय. तीन वर्षं मी सांगतोय, ही म्हणती खोटं."

"बसण्णा, माझ्याच्यानं नाही होणार," मी म्हणाले. "दादा नाहीत, तर…"

"दादा गेले," ते म्हणाले. त्यांचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता. "पाणी हाय की अजून. तुमाला वल्हं मारता येतंय, ते बी हाय. जे हाय ते असं पालथं घालू नका." एवढं बोलून त्यांनी होडीवरचे पापड एकेक करून उचलायला सुरुवात केली.

त्या दिवशी आम्ही काठ्या नेल्या नाहीत. मधल्या पाण्यात गेल्यावर गंगव्वांनी होडीच्या बाहेर हात काढून बोटं पाण्यात सोडली आणि कितीतरी वेळ तशाच बसल्या. मग माझ्याकडे वळून कानडीत काही म्हणाल्या. बसण्णांनी घाबरून सांगितलं, "वल्हं मागतीया. देऊ नका!" मी दिलं. गंगव्वांनी एकाच बाजूनं सपासप मारलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली, एक फेरी, दोन फेऱ्या. बसण्णा दोन्ही काठ धरून ओरडत होते, गंगव्वा हसत होत्या, आणि मी किती दिवसांनी हसतेय हे मध्येच माझ्या लक्षात आलं. परत येताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, आणि ते बसण्णांनी मला मोठ्या नाइलाजानं मराठीत सांगितलं, "ही म्हणती, पुढच्या रविवारी परत."

वर्षभरानं बसण्णांची नजर मंदावली. सूर्याला विचारलं तरी त्याचं उत्तर दिसेना, असं ते म्हणत. मुलगा गुलबर्ग्याला नोकरीत होता; तो दोघांना घेऊन गेला. निघताना ते माझ्याकडे आले, आठही बोल्ट पान्यानं एकदा आवळून गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पोस्टकार्ड आलं, ते गेल्याचं.

मी गुलबर्ग्याला गेले. गंगव्वांनी मला जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात धरून ठेवला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती आणि त्याची फारशी गरजही पडली नाही. थोड्या वेळानं शेजारची मंडळी येऊन बसली. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "तुमीच काय त्या सोलापूरच्या, होडीवाल्या अक्का?" मी हो म्हणताच सगळे सावरून बसले. बसण्णांनी रोज संध्याकाळी कट्ट्यावर या लोकांना ती गोष्ट सांगितली होती. वारा कसा सुटला, लाटा कशा उठल्या, मासा होडी ओढत अर्धा तलाव कसा फिरला, आणि बसण्णांनी त्याला शेवटी कसा कवेत धरला.

"आमाला खरं सांगा," म्हातारा म्हणाला. त्यानं दोन्ही हात पसरले, जेवढे जातील तेवढे, आणि तरी कमी पडले म्हणून शेजाऱ्याचाही एक हात त्यात जोडून घेतला. "येवढा हुता काय हो मासा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गंगव्वाही बघत होत्या, आणि त्यांच्या रडून सुजलेल्या डोळ्यांत हसू होतं.

"नाही," मी म्हणाले. "याहून थोडा मोठाच होता."